दुसरी व्यक्ती हवी

साहेबांच्या गळ्यात दोन कार्डं लोंबत असत. निळ्या फितीचं संचालक म्हणून आणि लाल फितीचं प्रभारी सुरक्षाप्रमुख म्हणून. सुरक्षाप्रमुखाची जागा रिकामी होऊन जमाना लोटला होता. साहेबांनी ती भरली नाही. भरली असती तर तिथे दुसरं कुणीतरी बसलं असतं, आणि दुसरं कुणीतरी ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. मग संचालक या नात्यानं ते सुरक्षाप्रमुखांना पत्र लिहीत, सुरक्षाप्रमुख या नात्यानं त्याला उत्तर देत आणि दोन्हींच्या प्रती ऑफिसभर पाठवत. एकदा सुरक्षाप्रमुखांनी संचालकांची विनंती फेटाळली. त्या दिवशी साहेब एकटेच जेवले, कुणावर तरी रुसल्यासारखे. पाठीमागे त्यांना सगळे दोनखुर्ची म्हणत. समोर अर्थात साहेब.

जिची ही गोष्ट आहे तिला ऑफिसात कुलूपवाली म्हणत. तिचं कामच ते. आपण फाइलवर टिचकी मारतो आणि ती उघडते, एवढंच आपल्याला ठाऊक. मधे काय होतं ते कुलूपवालीला ठाऊक. टिचकी मारणारा आणि फाइल यांच्यामधे ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली असते, आणि त्या वाटेवर हिनं आपले पहारेकरी उभे केले होते. मॉड्यूल म्हणायचं त्यांना. एक मॉड्यूल फाइलचा मजकूर एन्क्रिप्ट करून ठेवी, म्हणजे डिस्क काखोटीला मारून कुणी पळाला तरी त्याच्या हाती नुसता चोथा. दुसरं विचारी, तू कोण? तिसरं विचारी, तुझं इथे काय काम? हवं तर एक काढा, हवं तर एक घाला, बाकीच्यांना धक्का नाही. नियम मात्र एक होता आणि कडक होता. कुठल्याही पहारेकऱ्याला नाही म्हणता येई, हो म्हणता येत नसे. त्यानं मान डोलावली तर तिचा अर्थ एवढाच, की माझी हरकत नाही, पुढच्याला विचारा. रांगेतला एक जरी नाही म्हणाला की दार बंद.

साहेबांना हे कधीच रुचलं नाही.

"हो म्हणणारं मॉड्यूल का नाही? किती नकारात्मक काम आहे हे!"

"साहेब, हो म्हणणारा एक ठेवला की बाकीच्यांना घरीच पाठवावं लागेल."

"घरी तर तू जातेस. पाच वाजले रे वाजले की."

यावर मीटिंगमधले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं भाचा हसला. भाचा म्हणजे साहेबांचाच भाचा. ऑफिसात त्याची दुसरी ओळख कुणी शोधली नव्हती आणि त्यानंही दिली नव्हती. मामांच्या विनोदाला हसणं हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम काय, ते नेमून द्यायचं राहूनच गेलं होतं.

कुलूपवाली हसली नाही. पाच वाजता तिला निघावंच लागे, कारण घरी ठमी होती. ठमी म्हणजे दीड दाताची, केस कमी आणि मत जास्त असलेली एक लहानशी बाई, जी पाचनंतर आजीच्या खांद्यावरून दाराकडे बघत बसे आणि आईची चप्पल उंबऱ्यापाशी वाजली की अख्खं अंग हलवून हसे. त्या हसण्यापुढे साहेबांच्या टोमण्याची किंमत कुलूपवालीच्या लेखी फुटक्या कवडीचीही नव्हती. पण हे साहेबांना कसं सांगणार? ज्याला स्वतःच्याच पत्राची वाट बघायची सवय, त्याला दुसऱ्याचं वाट बघणं काय कळणार.

तर त्या दिवसांत ऑफिसात काम आलं होतं प्रसूती रुग्णालयाचं. शहरातल्या निम्म्या लोकांनी पहिला टाहो तिथेच फोडलेला. त्या रुग्णालयात एक डॉक्टरीण बसायची, बाळंतिणी तिच्याकडे मनातलं बोलायला जायच्या. ते बोलणं फाइलमधे वेगळं लिहून ठेवत, त्याला 'बंद नोंद' म्हणत. बंद ती नावालाच. पासवर्ड ठाऊक असेल त्यानं वाचावी, आणि पासवर्ड ठाऊक नाही असा पावती फाडणाऱ्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत कुणी नव्हता. तक्रारी झाल्या, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली आणि हे काम निघालं.

कुलूपवालीचीही एक बंद नोंद तिथे होती.

ठमी झाली तेव्हा जो तो येऊन विचारी, कसं वाटतंय? आणि तिला काहीच वाटत नव्हतं. नुसतं राखाडी. पाळण्यात कुणीतरी आपलं सामान ठेवून गेलंय आणि न्यायला यायचं विसरलंय, तसं. घरात हे बोलायची सोय नव्हती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, आणि त्याला फोनवर काय सांगणार, की तुझी लेक मला परकी वाटते? ते तिनं डॉक्टरणीला सांगितलं. आणखी एक वाक्य सांगितलं. ते वाक्य इथे लिहायचं नाही. ते त्या फाइलमधे आहे, तिथेच राहू दे.

पुढे ढग ओसरले. औषधानं, झोपेनं, सासूबाईंनी, की एके दुपारी ठमीनं तिच्याकडे बघून उगाचच पसरलेल्या त्या बोळक्यानं, कुणास ठाऊक. पण ओसरले. आणि ओसरले ते असे, की आता ठमीच्या मानेच्या वळीतला वास आठवला तरी ऑफिसात तिचा पदर ओला व्हायचा.

तेवढ्यात एक दिवस मावससासूबाई घरी टपकल्या. पावती फाडणारा त्यांच्या शेजारणीचा दीर. बसल्या बसल्या त्यांनी ठमीला उचललं आणि तोंडाचा चंबू करून म्हणाल्या, "कसं गं, ऐकलं ते खरं का? नकोशी झाली होती म्हणे आईला?"

कुलूपवालीच्या हातातला कप हातातच राहिला. सासूबाई मात्र शांतपणे उठल्या, बहिणीच्या मांडीवरून नात काढून घेतली आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेनं डॉक्टरला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तू का विचारतेस? चहा झालाय ना पिऊन? मग ऊठ."

बहीण उठली. सासूबाईंनी पुढे तो विषय कधी काढला नाही. सुनेच्या डोक्याला तेल लावताना हात मात्र जरा जास्त वेळ फिरवला. मावससासूबाईंना ऐकू आलं होतं ते निम्मंअर्धं. बाकीचं अजून त्या फाइलमधेच होतं.

म्हणून बंद नोंदींसाठी तिनं जे मॉड्यूल लिहिलं ते जीव ओतून लिहिलं. ठमी आजीजवळ निजली की, जेवणाच्या सुट्टीत, बसमधे उभ्याउभ्या मनातल्या मनात. तिचं ते सहावं. त्याला ती दोघांचं मॉड्यूल म्हणे. बंद नोंद उघडायला दोन वेगळी माणसं हवीत. दोघांनी आपापलं कार्ड लावायचं, दोघांनी अंगठा टेकवायचा. एकटा कितीही मोठा असो, त्याला उघडायचं नाही. किल्ली, म्हणजे कार्ड लावून उघडायचा हक्क, कुणाकडून काढून कुणाला द्यायची झाली तरी दोघांची संमती हवी. चाचणीच्या काळापुरत्या किल्ल्या तिघांना दिल्या होत्या: एक साहेबांना, एक तिला, आणि राखीव एक रुग्णालयाच्या मेट्रनबाईंना.

महिना उलटायच्या आत साहेबांनी तिला बोलावलं.

"तुझी किल्ली दे इकडे. तू पाचला जाणार, मग आम्ही काय, नोंद उघडायला तुझ्या पाळण्यापाशी येऊन उभं राहायचं?"

"मग दुसऱ्या कुणाला देऊ या. मॉड्यूलं तपासणाऱ्या चाचणीवाल्या ताईंना?"

"दुसऱ्या कुणाला कशाला? मी आहे की." साहेबांनी लाल कार्ड दोन बोटांत धरून हलवलं. "संचालक एक, सुरक्षाप्रमुख दोन. झाले दोन."

"साहेब, ते माणसं मोजतं. खुर्च्या मोजत नाही."

"खुर्चीत माणूसच बसतो ना? की तुझ्या घरी टेबल बसतं?"

भाचा हसला.

तिनं अंगठा टेकवला, साहेबांनी टेकवला, आणि तिची किल्ली लाल कार्डावर गेली. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं: *दोन्ही कार्डं एकाच व्यक्तीची आहेत. बंद नोंद उघडणार नाही.* खाली लिहिलं होतं, *समजलं.* साहेबांनी न वाचताच 'समजलं' वर टिचकी मारली. ती त्यांची आयुष्यभराची सवय होती.

चार दिवसांनी त्यांनी एक बंद नोंद उघडायला घेतली. उजवा अंगठा, निळं कार्ड. डावा अंगठा, लाल कार्ड. पडदा म्हणाला, *दुसरी व्यक्ती हवी.* मग त्यांनी उलट केलं, डावा निळ्याला, उजवा लालला. *दुसरी व्यक्ती हवी.* पहिल्या दिवशीच दोन्ही अंगठे घेऊन ठेवलेल्या यंत्राला हात बदलून फसवायला निघालेला हा माणूस त्या ऑफिसातल्या सर्वांत मोठ्या पगारावर होता.

साहेब पहारेकऱ्यावर चिडले. मग त्यांना सुचलं, मॉड्यूलच आहे ना? मग एक आपलंही घालू. आणि अखेर भाच्याला काम मिळालं.

भाच्यानं आठवडाभर खपून मॉड्यूल लिहिलं. ते एकच गोष्ट करी. साहेब दिसले की हो म्हणे. त्याला त्यानं नाव दिलं 'विशेष प्रवेश'. मीटिंगमधे त्यानं ते भिंतीवर दाखवलं, तेव्हा कुलूपवाली म्हणाली, "अरे, पण हो म्हणून काय उपयोग? खालचं नाही म्हणणारच."

"मी करून बघितलंय, मॅडम. झटक्यात उघडते."

"कुठली फाइल उघडलीस?"

"माझीच. टेस्टची."

"तुझी फाइल तुला उघडते यात नवल काय? तिच्यात बंद नोंद आहे का?"

"म्हणजे?"

"बास!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "मुलगा काहीतरी करतोय, त्याचे पाय ओढू नका. नाहीतर असं कर, याचं बसवताना तुझी ती नकारघंटा काढूनच टाकू."

 कुलूपवालीच्या ओठांवर आलं होतं, नका काढू. पण साहेबांना नका म्हटलं की ते हटकून करत, म्हणून ती गप्प बसली. काढलं की नाही हे तिला कळायचा मार्ग उरला नव्हता. किल्लीबरोबर तिचा त्या यंत्रापर्यंतचा रस्ताही साहेबांनी बंद केला होता. जिनं पहारे बसवले तीच बाहेर.

ऑफिसात एक अडगळीची खोली होती. मेलेले मॉनिटर, वायरींचे भेंडोळे आणि मधे एक खुर्ची. दुपारी ती तिथे जाऊन ठमीसाठी पंपानं दूध काढून ठेवी. आधी दाराला आतून कडी होती. साहेबांनी ती काढायला लावली. मला उघडता येणार नाही असं एकही दार माझ्या ऑफिसात नको, असं संचालकांनी सुरक्षाप्रमुखांना कळवलं होतं, आणि सुरक्षाप्रमुखांनी तत्काळ मान्यता दिली होती. तेव्हापासून ती दाराला खुर्ची अडकवून स्वतः एका मॉनिटरच्या खोक्यावर बसे आणि फोनमधला ठमीचा फोटो बघे. फोटो बघितला की दूध लवकर येतं. हे कुठल्या मॅन्युअलमधे लिहिलेलं नव्हतं.

रुग्णालयाची माणसं बघायला यायची होती त्याच्या आदल्या दिवशी ती अशीच बसली असताना दार ढकललं गेलं. खुर्ची करकरली.

"आत कोण आहे? दार का उघडत नाही?"

"मी आहे, साहेब. खुर्ची लावलीय."

"खुर्ची कशाला लावायची?"

"कडी तुम्ही काढलीत म्हणून."

 मग साहेब दाराच्या फटीतूनच बोलू लागले, निवांत, जणू समोरासमोर बसलेत. "बरं, ऐक. उद्या त्यांच्यासमोर एक खरी बंद नोंद उघडून दाखवायची. चाचणीला आलेल्या खऱ्या फाइलींची यादी बघत होतो. तर तुझं नाव! म्हटलं, वा! आपल्या घरचीच फाइल. परक्या बाईची उघडायची म्हणजे परवानग्यांची भानगड. तुझी काय, तू आमचीच."

पंपाची घरघर चालूच होती. तिनं तो बंद केला.

"साहेब, माझी नको."

"अगं, असून असून काय असणार तिच्यात? रडू येतं, झोप येत नाही. सगळ्याच बायकांना होतं. माझ्या बायकोला अजून होतं."

"साहेब, मी एक खोटी फाइल करून देते. अगदी तशीच दिसेल."

"खोटी?" साहेबांच्या आवाजात खरा धक्का होता. "पाहुण्यांना खोटी फाइल दाखवायची? मी आयुष्यात कधी अप्रामाणिक काम केलं नाही."

पावलं दूर गेली. ती खोक्यावर बसून राहिली. भिंतीएवढा पडदा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि त्यावर तिची वाक्यं, ओळीखाली ओळ. ऑफिसातले सगळे. भाचा. आणि ते एक वाक्य. उद्या नाही तर परवा ते मावससासूबाईंपर्यंत जाईल, आणि कधीतरी, ठमी वाचण्याएवढी मोठी झाल्यावर, कुणीतरी दात काढत तिलाही सांगेल.

चाचणीवाल्या ताईंनी तिचा चेहरा बघितला. यंत्रात नवी ओळ टाकायचा रस्ता त्यांच्याकडे अजून होता; आत काय बसलंय ते बघायचा मात्र त्यांनाही नव्हता. "एक ओळ सांग," त्या हलकेच म्हणाल्या, "मी आत्ता टाकते. तुझी फाइल कुणालाच उघडायची नाही, कध्धीच. कुणाला पत्ता लागणार नाही."

ओळ तिला पाठ होती. बोटांच्या टोकांवर होती.

"नको, ताई," ती म्हणाली. "मग माझ्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला? गळ्यात एक फीत कमी, एवढाच."

"तत्त्वं घेऊन बस तू. उद्या पडद्यावर तत्त्वं दिसणार नाहीत."

"माझं काढलं नसेल तर उघडणार नाही."

"आणि काढलं असेल तर?"

 पाच वाजले. ती घरी गेली आणि त्या संध्याकाळी ठमीला तिनं मांडीवरून खाली ठेवलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर आहे ते, पिशवी नव्हे. जरा रांगू दे की."

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत रुग्णालयाचे अधीक्षक आले, पोट पुढे आणि मत मागे असलेले गृहस्थ. बरोबर मेट्रनबाई. हाडापेरानं मजबूत, पिकल्या केसांच्या, कुणाकडेही रोखून बघायची सवय असलेल्या. कुलूपवालीला त्यांनी ओळखलं. "काय गं, लेक कशी आहे? थांबला का तो हिरवा ढाळ?" भर मीटिंगमधे. कुलूपवालीला त्या दिवसात पहिल्यांदा श्वास घेता आला.

साहेब उभे राहिले. भिंतीवर चित्र आलं: रंगीत पायऱ्या, प्रत्येक पायरी म्हणजे एक मॉड्यूल. सगळ्यात वर सोनेरी पायरी, 'विशेष प्रवेश'.

"इतरांकडे तीन-चार मॉड्यूल असतात," साहेब म्हणाले. "आमच्याकडे सात आहेत."

कुलूपवालीनं मान वर केली. तिनं पायऱ्या मोजल्या. तिची सहा होती. सातवं भाच्याचं. म्हणजे काढलं नव्हतं! का काढलं नसेल? मग तिच्या लक्षात आलं, आणि तिला हसू आवरेना. काढलं असतं तर सहाच राहिली असती. सहापेक्षा सात मोठे. सुरक्षेचा एवढाच हिशेब साहेबांना येत होता. पण हे झालं चित्रातलं. यंत्रात काय आहे ते अजून यंत्रालाच ठाऊक होतं, आणि हसू आलं तसं विरलं.

"आता आपण एक खरी बंद नोंद उघडू. मला अर्थातच उघडता येते, कारण शेवटी कुणीतरी जबाबदार माणूस लागतो." साहेबांनी फाइल निवडली. पडद्यावर तिचं नाव आलं, भिंतीएवढं. भाच्यानं उगाचच टाळी वाजवली आणि मग थांबवली.

निळं कार्ड, उजवा अंगठा. सोनेरी पायरी उजळली: *हो.* खालची उजळली. तिच्या खालची. लाल कार्ड, डावा अंगठा. कुलूपवालीनं टेबलाखाली दोन्ही हात घट्ट आवळून धरले.

*दुसरी व्यक्ती हवी.*

"लोड होतंय," साहेब म्हणाले.

काहीही लोड होत नव्हतं. त्यांनी पुन्हा केलं. सोनेरी पायरीनं पुन्हा अगदी उत्साहानं हो म्हटलं. भिंत म्हणाली, *दुसरी व्यक्ती हवी.* साहेबांनी अंगठा शर्टाला पुसला. मग कार्ड पुसलं. मग भाच्याकडे बघितलं.

"अरे, तुझं वर आहे ना?"

"वरच आहे, मामा. म्हणजे, साहेब. सगळ्यात वर."

"मग खालचं का बोलतंय?"

"ते... त्यालाही विचारतात म्हणून."

मेट्रनबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "दोन माणसं लागतात असं दिसतंय. आणि तुम्ही एकच आहात."

"मी दोन पदांवर आहे."

"ते दिसतंय. फिती दोन आहेत. डोकं एकच दिसतंय."

अधीक्षक खोकले. साहेबांच्या मानेवर लाली चढली. तेवढ्यात त्यांना मार्ग सुचला आणि ते एकदम गोड झाले. "अहो, राखीव किल्ली तुमच्याकडेच आहे की! मेट्रनबाई, तुमचं कार्ड आणलंय ना? आणा, लावा. तुम्ही आणि मी. झालो दोन."

मेट्रनबाईंनी पर्समधून कार्ड काढलं. कुलूपवाली त्या कार्डाकडे बघत राहिली. हे तिच्याच मॉड्यूलनं दिलेलं दार होतं, आणि ते योग्यच होतं. दोन वेगळी माणसं, दोन कार्डं, दोन अंगठे. पहारेकरी आता अडवणार नव्हता.

बाई कार्ड घेऊन यंत्रापाशी गेल्या. पडद्यावरचं नाव त्यांनी वाचलं. मग वळून कुलूपवालीकडे बघितलं. पुन्हा नाव वाचलं.

"ही तुझीच ना गं?"

"हो."

"मग मला कशाला विचारताय? ती समोर बसलीय. तिला विचारलंत का?"

"अहो, तिला काय विचारायचं?" साहेब हसले. "ती आमच्या घरचीच आहे."

"घरच्यांना विचारत नाहीत वाटतं तुमच्यात?" आणि मग, आवाज अगदी खाली आणून, वॉर्डात पोटुशीच्या उशाशी बोलतात तसं, "पोरी, उघडू?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. हो म्हणाली असती तर नोकरी सुखात चालली असती. हसून वेळ मारून नेता आली असती, तब्येतीचं निमित्त करता आलं असतं. तिला एकच शब्द आठवला, तिच्या प्रत्येक पहारेकऱ्याला तिनं शिकवलेला.

"नको," ती म्हणाली.

मोठ्यानं नव्हे. पण ऐकू सगळ्यांना गेला.

मेट्रनबाईंनी कार्ड पर्समधे टाकलं आणि पर्सची चेन ओढली. त्या चेनचा आवाज कुलूपवालीला पुढे कित्येक दिवस आठवत राहिला, आणि दर वेळी बरं वाटलं.

"चला," बाई अधीक्षकांना म्हणाल्या, "कळलं आपल्याला हवं ते. हे चालतं. फक्त किल्ल्या यांच्याकडे नकोत. डॉक्टरणीकडे एक आणि माझ्याकडे एक. आणि ज्या बाईची नोंद तिला विचारल्याशिवाय मी अंगठा देणार नाही, हेही कुठेतरी घालता येत असेल तर घाला."

"घालता येईल," कुलूपवाली म्हणाली. "आणखी एक मॉड्यूल लागेल."

"म्हणजे आठ!" भाचा म्हणाला. 

किल्ल्या बदलायला दोघांची संमती लागत होती. मेट्रनबाईंनी अंगठा टेकवला आणि साहेबांकडे बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी डावा टेकवावा की उजवा, याचा बराच विचार केला. कुठलाही चालला असता. शेवटी टेकवला.

पाहुणे गेल्यावर कुलूपवालीला वाटलं, आता आपली खैर नाही. तिनं टेबलाचा खण आवरायला घेतला. ठमीचा एक मोजा, तुटका कंगवा, बिस्किटाचा चुरा. पण दोनखुर्चीला ओळखण्यात तिची चूक झाली होती. असा माणूस हरत नसतो. संध्याकाळ व्हायच्या आत ऑफिसभर पत्र आलं. प्रभारी सुरक्षाप्रमुखांनी संचालकांचं मनःपूर्वक अभिनंदन केलं होतं. यंत्रणेची अभेद्यता पाहुण्यांच्या मनावर ठसावी, म्हणून संचालकांनी स्वतः, जाणीवपूर्वक, अपयशी होऊन दाखवलं, असं त्यात होतं. खाली संचालकांचे आभारही होते. भाच्याला 'विशेष प्रवेश'बद्दल शाबासकी होती.

चाचणीवाल्या ताईंनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाल्या, "यांना तिसरी खुर्ची द्या कुणीतरी. टाळ्या वाजवायला."

कुलूपवाली हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. सकाळी येताना वाटेत तिनं हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी आणली होती, पिशवीत होती. ताईंकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेऊन ती अडगळीच्या खोलीत गेली. पहिला स्क्रू वाकडा गेला, दुसराही. कडी जरा तिरकीच बसली. पण लागली.

"हे काय चाललंय?" दारात साहेब उभे.

"कडी बसवतेय."

"कुणाच्या परवानगीनं?"

तिनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग तिनं दार पुढे केलं, साहेबांच्या नाकासमोर, हळूच, आणि आतून लावलं. बाहेरून काही वेळ श्वास ऐकू आला. मग पावलं गेली. बहुधा पत्र लिहायला.

घरी पोचली तेव्हा सासूबाई ठमीला भरवत होत्या, म्हणजे भरवायचा प्रयत्न करत होत्या. मऊ भाताचा चमचा पुढे आला की ठमी ओठ मिटून घेई आणि मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

"बघ तुझी लेक," सासूबाई वैतागून म्हणाल्या. "दुपारपासून हे शिकलीय. कशालाही नाही. हो म्हणायचं म्हणून नाही."

"येईल तेही, आई. हे आधी येऊ द्या."

तिनं चप्पल काढली, हात धुतले, ठमीसमोर जमिनीवर बसली. चमचा उचलला. "घेतेस?"

ठमीनं मान हलवली. नाही.

"बरं," म्हणत तिनं चमचा खाली ठेवला, तेव्हा ठमीनं तो स्वतःच उचलला, भातासकट, आणि सगळा भात आईच्या केसांत सारवला.